गोड विहिरीचा उपसा

पाणी तपासायला आलेल्या बाईंनी फाटकातूनच मला विचारलं, "आजी, हाताला काही क्रीम वगैरे लावलंय का?"

"या वयात कुणासाठी लावू?" मी म्हटलं. "आणि लावलं असतं तरी तुम्हाला काय त्याचं?"

त्या हसल्या नाहीत. बाहेर भुरभुर पाऊस होता, तरी अंगावर रेनकोट नव्हता. धुऊन धुऊन विटलेला सुती शर्ट, तोही ओला. रेनकोटवरून पाणी ओघळून जावं म्हणून त्याला जे लावतात आणि काही क्रीममध्येही असतं, त्याच जातीचं रसायन त्या शोधत होत्या म्हणे. ते अंगावर असलं की बाटलीत पडायचं, आणि मग विहिरीची उगाच बदनामी.

मग त्यांनी हातमोजे चढवले आणि मोटरच्या नळातून बराच वेळ पाणी जाऊ देऊन एक बाटली भरली. एवढं मला समजलं. पण नंतर त्यांनी स्वतः बरोबर आणलेलं शुद्ध पाणी आमच्या अंगणात एका बाटलीतून दुसरीत ओतलं आणि तीही बाटली नाव घालून ठेवली.

"हे कशाला?"

"हवेतून किंवा माझ्या हातून काही पडतंय का ते कळावं म्हणून."

स्वतःचं पाणी आणायचं आणि स्वतःच तपासायला न्यायचं. मी मनात म्हटलं, बरं आहे.

माझं घर बंबखान्याच्या जुन्या मैदानासमोर आहे. मध्ये फक्त रस्ता आणि धाकट्या जावेचं घर. आमचे हे आगीच्या बंबावर पंप चालवायचे. त्या मैदानात तेलाच्या आगीची ड्रिल व्हायची. खड्ड्यात पाणी, पाण्यावर तेल, मग पेटता बोळा. काळा धूर वर जायचा आणि शिट्टी झाली की नळीतून पांढराशुभ्र फेस सुटायचा. ते त्याला फोम म्हणायचे, आम्ही बायका फेसच म्हणायचो. तो आगीवर असा पसरायचा की जणू कुणी पांघरूण घातलं. मोठमोठी आग खालच्या खाली घुसमटून विझायची. मुलं फेसात लोळायची, कुत्री भुंकायची. हे घरी यायचे तेव्हा भुवयांवर फेस वाळलेला असायचा, आणि मी म्हणायचे, आज म्हातारे होऊन आलात वाटतं. खरे म्हातारे व्हायला काही ते थांबले नाहीत.

आता सांगतात की त्या फेसात जे होतं ते जमिनीत मुरलं आणि अजून तसंच आहे. कुजत नाही, विरत नाही. आगीलाही दाद देत नाही, म्हणून तर तेव्हा एवढं कौतुकाचं होतं. अंगात साठत राहतं आणि पुढे नाना दुखणी होऊ शकतात. "होतात?" मी विचारलं. "होऊ शकतात," बाई म्हणाल्या.

"मग उकळून प्यायलं तर?"

"उकळलं की पाणी वाफ होऊन जातं, ते मागे राहतं. उलट आणखी दाट होतं, बहुतेक."

प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्यांचं हे "बहुतेक" यायचं. जावेने पहिल्याच दिवशी त्यांचं नाव बहुतेकबाई ठेवलं आणि ते चिकटलं. मनाने चांगल्या होत्या. मला आजी म्हणायच्या आणि बुटांचा चिखल पुसल्याशिवाय आत यायच्या नाहीत.

आमच्या या भागाला नळ आलेलाच नाही. विहीर बंद झाली तर घर राहण्यालायक उरणार नाही, हे मला न सांगताही कळत होतं. मुलाला तर आधीच कळलं होतं. त्याचा रोज फोन. "आई, खोली तयार आहे. खिडकीतून बागसुद्धा दिसते." सूनबाईही मागून ओरडायची, "या हो, खरंच या." तिचं माझं काही वाकडं नाही. पण त्यांच्या घरात कुठल्या बटणाने दिवा लागतो आणि कुठल्याने पंखा, हे मला चार वेळा जाऊनही समजलं नाही. आणि इथे ही विहीर यांनी आणि यांच्या बंबखान्यातल्या दोस्तांनी सुट्टीच्या दिवशी खणलेली. पहिलं पाणी लागलं तेव्हा गढूळ होतं, तरी मी ओंजळभर प्यायले. गोड लागलं. शेजारीच जाऊबाईच्या विहिरीला मात्र मचूळ पाणी. त्याचा राग तिच्या मनातून अजून गेलेला नाही.

म्हणून निकाल आला तेव्हा आधी तीच धावत आली.

"ताई! माझी मचूळ विहीर पास झाली आणि तुमची गोडी नापास!"

"हळू बोल, बंबखान्यात ऐकू जाईल."

पण खरंच तसं होतं. बहुतेकबाईंनी दोन्ही कागद माझ्या जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. माझ्या विहिरीत ते रसायन ठरलेल्या मर्यादेच्या बरंच वर. जावेच्या विहिरीत जवळजवळ नाहीच. आणि जावेची विहीर मैदान आणि मी यांच्या मधोमध.

"म्हणजे ते तिच्या विहिरीला वळसा घालून माझ्याकडे आलं?" मी विचारलं.

"तेच तर मला समजत नाहीये," बहुतेकबाई म्हणाल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच त्या बहुतेक म्हणाल्या नाहीत. "बाटल्या बदलल्या असतील असं म्हणावं तर तेही नाही. मी परत पाहिलं."

मी चहा ठेवला होता. त्यांनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पिशवीतून स्वतःची बाटली काढली. मग बहुधा माझा चेहरा पाहून कप उचलला आणि एक घोट घेतला. मला त्याचं बरंही वाटलं आणि वाईटही.

त्यांना जुना खड्डा नेमका कुठे होता ते हवं होतं. मैदान आता सपाट केलेलं, गवत माजलेलं. बंबखान्यात नवी पोरं. त्यांना त्यांच्या आधीचं काही ठाऊक नाही. मी म्हटलं, मला ठाऊक आहे, चला. आणि शिट्टीभाऊजींनाही बोलावलं. ते यांच्याच बंबावर होते आणि ड्रिलची शिट्टी त्यांच्याकडे असायची. आता काठी घेऊन चालतात, पण आवाज तोच.

मैदानात पाय ठेवताच आमचं जुंपलं. मी म्हटलं, फेस पडायचा तो या बाजूला, झाडांकडे. ते म्हणाले, छे, रस्त्याच्या बाजूला.

"वहिनी, तुम्ही तिकडे दोरीवर कपडे वाळत घालत होतात. मी इथे शिट्टी फुंकत होतो. कुणाचं खरं मानायचं?"

"शिट्टी फुंकताना तुम्ही डोळे गच्च मिटायचात, भाऊजी. सगळ्या बायका हसायच्या."

"धूर जायचा डोळ्यांत!"

"मग दिसलं कसं?"

बहुतेकबाई दोघांकडे आळीपाळीने पाहत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "नळी घेऊन माणसं कुठे उभी राहायची?"

"वाऱ्याकडे पाठ करून," भाऊजी म्हणाले. "नाहीतर धूरही तोंडावर आणि फोमही तोंडावर. पहिल्या दिवशी हेच शिकवायचे."

"आणि वारा?"

भाऊजींनी काठी आधी एकीकडे उचलली, मग दुसरीकडे. माझंही बोट तसंच फिरलं. थंडीत वारा एकीकडून यायचा आणि उन्हाळ्यात दुसरीकडून. खड्डा एकच, पण फेस कधी या बाजूला सांडायचा, कधी त्या. मला आठवत होती ती थंडीतली ड्रिल, कारण तेव्हा ऊन खायला मी अंगणात असायचे. भाऊजींना उन्हाळ्यातली आठवत होती, कारण तेव्हा ते एकदा चक्कर येऊन पडले होते. दोघांचंही खरं निघालं आणि दोघंही जरा हिरमुसलो. भांडणात दोघं बरोबर निघाले की सगळी मजाच जाते.

बाईंनी दोन्हीकडे झेंड्या रोवल्या. मग विचारलं, ड्रिल संपल्यावर फेसाचं काय करायचे? पाण्याने धुऊन ओढ्यात, भाऊजी म्हणाले. ओढा मैदानाच्या पलीकडच्या अंगाला, आमच्या घरांपासून लांब, उतारावर. आम्ही तिथवर गेलो. दगडांवरून पाणी पडत होतं तिथे पांढरा फेस साचला होता. लहानसाच, वाटीएवढा. भाऊजी काठी टेकून त्याच्याकडे बघत राहिले.

"हा आपला नसेल," ते म्हणाले. "आपलं बंद होऊन किती काळ झाला."

"साबणाचाही असू शकतो," बाई म्हणाल्या आणि बाटली भरली. पुढे कळलं की ओढ्यात भरपूर होतं. त्यामुळे तर गोंधळ आणखी वाढला. जमिनीचा उतार ओढ्याकडे. जमिनीखालचं पाणीही बहुतेक तिकडेच जात असणार. मग उताराच्या उलट, जावेचं घर ओलांडून, ते माझ्याच विहिरीत कसं आलं?

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, कसं आलं त्याला काय करायचंय? आलंय ना? आता निघ."

मला मात्र ते जाणून घ्यायचं होतं. चोर कुठल्या दाराने आला हे कळल्याशिवाय घर सोडून कसं जायचं?

मग एके दिवशी बाईंचं लक्ष बादलीच्या दोरीकडे गेलं. वीज गेली की मी हाताने पाणी काढते.

"आजी, ही दोरी कसली?"

"बंबाची नळी आहे. बाद झालेली. उभी चिरून, पट्टे शिवून यांनी केली. हात सोलत नाही."

बंबखान्यात बाद झालेली नळी कुणी टाकून देत नसे. आम्हा सगळ्यांच्या घरात तिचे तुकडे होते. दाराला बिजागरी म्हणून, खाटेला पट्ट्या म्हणून, उंबऱ्यात पायपुसणं म्हणून. जावेच्या मुलांचा झोपाळा नळीचाच होता. त्या नळ्यांतून वर्षानुवर्षं फेस गेलेला, आणि त्यातली एक माझ्या विहिरीत रोज बुडत होती.

बाईंनी पट्ट्याचा तुकडा कापून पिशवीत घातला. मला इतका आनंद झाला की काय सांगू. म्हणजे जमीन चांगली, विहीर चांगली, दोष सगळा दोरीचा! मी शिट्टीभाऊजींना हाक मारली. ते म्हणाले, "हात्तिच्या! एवढंच? मग सगळं पाणी उपसून टाकू, विहीर धुऊन निघेल." आम्ही बंबखान्याची माणसं. काही बिघडलं की पंप लावायचा, दुसरं औषध आम्हाला ठाऊक नाही. त्यांनी कुठूनसा मोठा पंप आणवला आणि तो दिवसभर धडधडत होता. तळ दिसला. भाऊजींनी वरून वाकून पाहिलं आणि तोंडाने शिट्टी वाजवली. मी सगळ्यांना चहा दिला, जावेने आणलेल्या कॅनमधल्या पाण्याचा. मुलाला फोन करून सांगितलं, खोली भाड्याने दे.

बहुतेकबाईंना विचारायला हवं होतं, हे आमच्यापैकी कुणालाही सुचलं नाही.

विहीर पुन्हा भरल्यावर बाईंनी पाणी नेलं. नवा कागद आला. आकडा वाढला होता.

"वाढला?" मी म्हटलं. "दोरी काढली तरी?"

"नळीच्या तुकड्यात होतं थोडं," त्या म्हणाल्या. "पण एवढ्या पाण्यात त्याने काही होत नाही. आणि आजी, यावेळी तुमच्या जावेच्या विहिरीतही दिसलंय. थोडंसंच."

मी खुर्चीवर बसले. म्हणजे दोरीचं नव्हतं. धुतली तर आणखी घाण झाली. जगात असं कधी होतं का, की धुतल्याने वस्तू मळते?

बाईंनी जुने-नवे कागद पुन्हा चाळले. मग म्हणाल्या, "या विहिरीवरून पाणी नेतं कोण कोण?"

हा प्रश्न मला आवडला. कुणीतरी विचारायची मी वाटच बघत असावे. मी सांगायला लागले. जाऊ तर पहिल्यापासून नेते, तिच्या विहिरीच्या पाण्याने डाळसुद्धा शिजत नाही. मागच्या गल्लीतली सगळी घरं. शिवणवाल्या बाई. शाळेची टाकी सकाळी आपल्याच मोटरवर भरते. लॉन्ड्रीवाल्याची तर कायमची नळी टाकलेली आहे, दुपारभर चालू असते. उन्हाळ्यात पलीकडच्या वस्तीतूनही येतात. आजवर कुणाला नाही म्हटलं नाही. यांनी सांगून ठेवलं होतं, पाण्याला नाही म्हणायचं नाही.

"आणि जावेच्या विहिरीतून?"

"तिच्या विहिरीतून कोण नेतंय? बेडूक."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा बघून मी थांबले.

"आजी," त्या हळू म्हणाल्या, "जिथून जास्त उपसा होतो ना, तिकडे जमिनीखालचं आजूबाजूचं पाणी ओढलं जातं. वरचा उतार काही का असेना. तुमच्या विहिरीने ते मैदानाखालून आपल्याकडे खेचलंय. शेजारची विहीर तशीच पडून होती, आणि तिचे झरे वेगळ्या थरातले असावेत, म्हणून ती वाचली. आता दिवसभर पंप लावलात, तेव्हा आणखी जोरात खेचलं गेलं. तिच्यापर्यंतही पोचलं."

"बहुतेक?" मी विचारलं.

"बहुतेक," त्या म्हणाल्या. पण या वेळी त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

मला ते एकदम उमगलं नाही. अजूनही पुरतं उमगलंय असं नाही. म्हणजे कुणी पाणी मागितलं आणि मी दिलं, म्हणून विहीर बिघडली? जाऊ तिच्या पाण्यावर नाक मुरडत बसली, म्हणून तिची चांगली राहिली? हे मी यांना कसं सांगितलं असतं? यांनी तर दोन घास कमी खाल्ले असते, पण कुणाची घागर रिकामी परत जाऊ दिली नसती.

"आता?" मी विचारलं.

"उपसा पूर्ण थांबवायचा. मग ते हळूहळू आपल्या उताराने ओढ्याकडे जाईल."

"आणि ओढ्याच्या खाली राहतात त्यांचं काय?"

"तिकडे वेगळं काम सुरू करतोय," त्या म्हणाल्या, आणि याहून जास्त त्यांनाही माहीत नव्हतं. आंघोळ चालेल का? चालेल, पण उपसा नको. लिंबाच्या झाडाला घालू का? घालू नका. मग लिंबं? त्यांनी दोन लिंबंही तपासायला नेली. टँकर येईल. कधीपर्यंत? विहीर पुन्हा तपासेपर्यंत. आणि मग? मग बघू.

कचेरीतून माणूस येऊन विहिरीला झाकण बसवून गेला आणि मोटरची तार काढून गेला. मुलगा गाडी घेऊन आला. मी कपडे भरले होते. खरंच भरले होते. विहीरच नाही तर मी इथे काय करणार, असं मलाही वाटायला लागलं होतं. जाऊ पदर डोळ्यांना लावून दारात उभी होती. मुलगा पिशव्या उचलत होता, तेवढ्यात लॉन्ड्रीवाला आला. खांद्यावर तारेचं वेटोळं आणि हातात पक्कड.

"आजी, निघालात होय? जा, निवांत जा. मी माझी मोटर जोडून घेतो, तुम्ही काळजी करू नका."

"अरे, बंद केलीय ना विहीर."

"प्यायला बंद. मी कुठे पितोय? कपडे काय पाणी पितात?"

"कपड्यांना काही होत नाही रे. पण तुझी मोटर सुरू झाली की ते इकडे येतं."

"काय येतं?"

"ते."

"दिसतं?"

"नाही."

"वास येतो?"

"नाही."

"चव बदलली?"

"गोडच आहे," मी म्हटलं. मला खोटं बोलता आलं नाही.

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं, मग मुलाकडे. म्हातारीला भ्रम झालाय असं त्याच्या मनात आलं असणार. मुलगा म्हणाला, "आई, जाऊ दे ना. आपण निघतोय. त्यांचं ते बघतील."

जाऊसुद्धा म्हणाली, "ताई, एवढीशी मोटर. पंपासारखी थोडीच आहे ती? आणि माझ्या विहिरीत एवढंसंच तर आलंय."

तेव्हा मला कळलं की मी गेले की संध्याकाळच्या आत झाकण निघेल. आधी लॉन्ड्रीची मोटर, मग शाळेची टाकी, मग घागरी. कुणी वाईट नाही यांतलं. सगळी माझ्याच विहिरीवर वाढलेली माणसं. न दिसणाऱ्या, वास नसलेल्या, चव नसलेल्या गोष्टीला ती भिणार कशी? मला स्वतःला तरी कुठे नीट भीती वाटत होती? आणि इथे बसून रोज नाही म्हणायला दुसरं कुणी नव्हतं.

"तार तिकडे ठेव," मी लॉन्ड्रीवाल्याला म्हटलं. "मोटर जोडायची नाही."

"आजी, माझा धंदा..."

"टँकरवाल्याशी मी बोलते. पण इथून नाही."

"इतकी वर्षं दिलंत, आणि आज नाही म्हणता?"

तो तार खांद्यावर टाकून, काहीतरी पुटपुटत गेला. जावेने डोळ्यांवरचा पदर काढला आणि माझ्याकडे अशी बघू लागली, जणू मी तिलाच नाही म्हटलं. एका अर्थी म्हटलंच होतं.

मुलगा पिशव्या खाली ठेवून पायरीवर बसला. "आई, म्हणजे तू येणार नाहीस? पाणी नाही म्हणून तू येणार होतीस. आता पाणी नाही म्हणूनच राहणार आहेस? मला काहीच कळत नाहीये."

"मला तरी कुठे कळतंय," मी म्हटलं. "पण ऊठ. त्याची नळी अजून विहिरीत आहे. ती आधी बाहेर काढू."